२८ वर्षं रिकामा राहिलेला कॅमेरा: विजेच्या मागे लागलेल्या चार्ल्स बॉईज यांची गोष्ट

मागच्या मे महिन्यात मी लातूर जिल्ह्यात काकांच्या गावी गेले होते. रात्री नऊच्या सुमारास लाइट गेली, पश्चिमेकडून वळवाचं आभाळ चढून आलं आणि थोड्या थोड्या वेळाने वीज चमकायला लागली. मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. फोन आणि छोटा ट्रायपॉड घेऊन थेट गच्चीवर.

आधी साधे फोटो काढून बघितले. वीज दिसली की बटण दाबायचं. वीस-पंचवीस फोटो काढले, सगळे काळे. मग स्लो-मोशन लावलं, सेकंदाला २४० फ्रेम. त्यात वीज सापडली, पण भलतीच. एका फ्रेममध्ये आभाळाचा वरचा भाग पांढराफटक आणि खालचा काळा, आणि पुढची फ्रेम पुन्हा पूर्ण काळी. मी ते झूम करून बघत होते, तेवढ्यात काका जिना चढून वर आले आणि हाताला धरून मला खाली घेऊन गेले. आदल्या वर्षी शेजारच्यांची बैलजोडी चिंचेखाली बांधलेली असताना वीज पडून दोन्ही बैल गेले होते. मी मात्र वैतागले. वीज कितीतरी लांब आहे, असं मला वाटत होतं.

पुण्याला परत आल्यावर त्या अर्ध्या पांढऱ्या फ्रेमचं कारण शोधायला बसले आणि शोधता शोधता एका इंग्रज माणसापाशी येऊन थांबले. सर चार्ल्स व्हर्नन बॉईज. फिजिक्समध्ये त्यांचं नाव मोठं आहे, पण आपल्याकडे ते फारसं कानावर पडत नाही. या माणसाने १९०० साली विजेसाठी एक कॅमेरा बनवला, आणि त्यात पहिली वीज सापडायला २८ वर्षं लागली. आज त्यांचीच गोष्ट.

आधी माझ्या फोनचा प्रॉब्लेम

फोनचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात वाचत नाही. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. हे वाचन चालू असतानाच वीज चमकून गेली, तर काही ओळींना प्रकाश मिळतो आणि बाकीच्या ओळी कोऱ्या राहतात. माझी अर्धी पांढरी फ्रेम तिथून आली होती.

दुसरा प्रॉब्लेम वेगाचा. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला साधारण ४,२०० मायक्रोसेकंद येतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. विजेचा मुख्य झोत ढग ते जमीन हे अंतर शंभर मायक्रोसेकंदांच्या आत कापतो. म्हणजे आपल्या फोनची एक फ्रेम पूर्ण व्हायच्या आत सगळा खेळ होऊन गेलेला असतो. वीज वरून खाली आली की खालून वर गेली, हे त्या फ्रेमवरून कळणं शक्यच नाही.

बॉईज यांना नेमकं हेच बघायचं होतं. तेही सेन्सर, मेमरी आणि बॅटरी यातलं काहीही नसताना.

खाणकाम शिकलेला जुगाडू

बॉईज यांचा जन्म १५ मार्च १८५५ चा, इंग्लंडमधल्या रटलंड परगण्यातल्या विंग नावाच्या खेड्यात. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. मुलगा लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये खाणकाम आणि धातुशास्त्र शिकला. काही काळ कोळशाच्या खाणीवर नोकरी केली, पण तिथे रमला नाही. फिजिक्सचे प्राध्यापक फ्रेडरिक गथ्री यांनी मदतनीस म्हणून बोलावलं आणि गडी परत आला.

वरच्या पातळीचं गणित ते बरंचसं स्वतःच शिकले. आणि शिकता शिकता त्यांनी एक यंत्र बनवलं. एखाद्या वक्ररेषेवरून ते फिरवलं की तिचं इंटिग्रेशन कागदावर आपोआप काढलं जायचं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इंटिग्रेशन पाठ करून पास झाले, त्यामुळे हे वाचून थोडी लाजच वाटली.

शिक्षक म्हणून मात्र त्यांचं नाव चांगलं नव्हतं. पुढे प्रसिद्ध विज्ञानकथालेखक झालेले एच. जी. वेल्स त्यांच्या वर्गात होते आणि आत्मचरित्रात त्यांनी या सरांबद्दल फारसं बरं लिहिलेलं नाही. गंमत म्हणजे याच बॉईज यांनी मुलांसमोर साबणाच्या फुग्यांवर व्याख्यानं दिली, त्यांचं १८९० साली पुस्तक झालं आणि ते आजही छापलं जातं. फळ्यापेक्षा हातातल्या वस्तूवर बोलताना हा माणूस खुलायचा, असं दिसतं.

बाण, तार आणि गुरुत्वाकर्षण

त्यांचा सगळ्यात भन्नाट जुगाड १८८७ चा. अगदी बारीक बल मोजायचं तर वस्तू एका धाग्याला टांगून तिला किती पीळ पडतो ते बघतात. त्यासाठी धागा अतिशय बारीक हवा, मजबूत हवा, आणि पीळ सोडल्यावर मूळ जागी परत येणारा हवा. रेशीम त्या कामाला कमी पडत होतं.

बॉईज यांनी क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीतल्या स्फटिकाचा तुकडा प्रखर ज्योतीवर वितळवला. तो गवताच्या काडीच्या बाणाला चिकटवला आणि आडव्या धनुष्यातून बाण सोडून दिला. बाण प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मागे हवेत क्वार्ट्झचा धागा ओढला गेला. नव्वद फुटांच्या आसपास लांब आणि जाडी इंचाचा दहा हजारावा भाग, म्हणजे आपल्या केसापेक्षा वीस-तीस पटींनी बारीक.

या धाग्यावर त्यांनी उष्णता मोजायचं इतकं नाजूक उपकरण टांगलं, की मैलभर लांबच्या मेणबत्तीची ऊबही त्याला कळायची. पुढे याच धाग्यांच्या जोरावर त्यांनी ऑक्सफर्डच्या एका तळघरात गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला. अकरावीच्या पुस्तकातला तो मोठा जी. रेल्वेच्या हादऱ्यांनीसुद्धा उपकरण थरथरायचं, म्हणून ते रात्री, त्यातही गाड्या कमी असलेल्या रविवारच्या रात्री काम करायचे. त्यांना आकडा मिळाला ६.६५८. आज आपण ६.६७४ वापरतो. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, तळघरात, काडीच्या बाणाने ओढलेल्या धाग्यावर फरक पाव टक्क्याचा.

बंदुकीची गोळी फोटोत

आता आपण कॅमेऱ्याकडे येतोय. १८९२ च्या सुमाराला बॉईज यांनी उडत्या बंदुकीच्या गोळीचे फोटो काढले. हा उद्योग त्यांच्या आधी अर्न्स्ट माख यांनी केला होता, पण बॉईज यांनी तो आणखी सोपा केला. त्यात लेन्सही नव्हती. पूर्ण अंधाऱ्या खोलीत फोटोची काच उघडी ठेवायची. गोळी समोरून जाताना दोन तारांना स्पर्श करते, त्यामुळे सर्किट पूर्ण होऊन एक ठिणगी पडते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी टिकणाऱ्या त्या ठिणगीत गोळीची सावली काचेवर उमटते. गोळीसोबत हवेत उठणाऱ्या लाटासुद्धा त्या सावल्यांमध्ये दिसल्या.

ठिणगी किती वेळ टिकते हे तपासायला त्यांनी वेगाने फिरणारा आरसा वापरला. प्रकाश क्षणभरच टिकला तर आरशातली प्रतिमा ठिपक्यासारखी दिसते, जास्त टिकला तर ती ओढल्यासारखी लांबते. म्हणजे जो वेळ घड्याळाने मोजता येत नाही, तो लांबीत बदलायचा आणि पट्टीने मोजायचा.

ही युक्ती लक्षात ठेवा, कारण पुढचा कॅमेरा याच युक्तीवर उभा आहे. फरक एकच. गोळी स्वतःच फ्लॅश पेटवत होती. वीज कधी पडणार, कुठे पडणार, हे कुणीच सांगत नव्हतं.

दोन लेन्सचा कॅमेरा

विजेचे फोटो तोपर्यंत निघायला लागले होते. १८८२ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्स यांनी रात्रीच्या विजेचा फोटो काढला होता आणि वीज चित्रांत काढतात तशी कोनाकोनाची नसते, नदीसारखी वाकडीतिकडी असते, हे लोकांनी बघितलं होतं. १८८९ मध्ये लंडनमध्ये हॉफर्ट यांनी हातातला कॅमेरा हलवत फोटो काढला. त्यात एकच वीज शेजारी शेजारी दोन-तीनदा उमटली. म्हणजे आपल्याला जी एक वीज वाटते, ती खरं तर त्याच वाटेने पाठोपाठ जाणारे अनेक झोत असतात.

बॉईज यांचा प्रश्न याच्याही पुढचा होता. एका झोताच्या आत काय होतं? सुरुवात वरून होते की खालून?

समजा फिल्म स्थिर आहे आणि लेन्स वेगाने बाजूला सरकतेय. वीज वरपासून खालपर्यंत एकाच क्षणी उजळली, तर चित्र सरळ येईल. पण खालचा भाग आधी आणि वरचा थोडा नंतर उजळला, तर तेवढ्या वेळात लेन्स पुढे गेलेली असेल आणि चित्राचा वरचा भाग तिरका सरकेल. अडचण अशी की वीज मुळातच वाकडी असते. मग तिरकेपणा विजेचा किती आणि लेन्स हलल्याचा किती?

इथे त्यांचं डोकं बघा. त्यांनी एका चकतीवर समोरासमोर दोन लेन्स बसवल्या. चकती फिरली की एक लेन्स वर जाताना दुसरी खाली येते, एक डावीकडे जाताना दुसरी उजवीकडे. दोन्ही लेन्स एकाच विजेचं चित्र काढतात, पण सरकण्याची दिशा दोन्हींत उलट. विजेचा स्वतःचा वाकडेपणा दोन्ही चित्रांत सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होतो. जो फरक उरतो, तो फक्त वेळेचा. आपण दोन लॉग फाइलींचा डिफ काढतो ना, तसाच हा प्रकार.

आता हिशेब करून बघू. लेन्स सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरतेय असं धरा. १० मायक्रोसेकंदांत ती ०.३ मिलिमीटर सरकेल. भिंगाखाली तेवढं अंतर सहज मोजता येतं. माझ्या फोनची एक फ्रेम ४,२०० मायक्रोसेकंदांची आहे. एका फिरत्या चकतीने तिला ४०० पटींहून जास्त मागे टाकलं. आणि रात्र असल्यामुळे लेन्स उघड्याच ठेवता येत होत्या. बटण दाबायची गरज नाही, वीज आली की ती स्वतःच फोटो काढणार.

मग काहीच नाही

कॅमेरा तयार झाला १९०० साली. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यात काहीच आलं नाही.

वादळ रात्रीच यायला हवं, जवळ हवं पण डोक्यावर नको, वीज ढगाबाहेर दिसायला हवी, कॅमेऱ्याचं तोंड नेमकं त्याच दिशेला हवं, आणि त्या क्षणी चकती फिरत असायला हवी. इंग्लंडमध्ये अशी वादळं मुळातच कमी. त्यातून बॉईज काही पूर्णवेळ वीज बघत बसलेले नव्हते. १८९७ पासून ते लंडनला पुरवल्या जाणाऱ्या गॅसची तपासणी करणारे सरकारी अधिकारी होते. गॅसची उष्णता मोजायचं त्यांचं यंत्र बरीच वर्षं वापरात होतं. पेटंटच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणूनही ते उभे राहायचे. घरातही वादळ येऊन गेलं. १८९२ साली लग्न झालेल्या पत्नी मॅरियन केंब्रिजचे गणिती अँड्र्यू फोर्साइथ यांच्यासोबत गेल्या आणि १९१० मध्ये घटस्फोट झाला.

या सगळ्यात कॅमेरा सोबत राहिला. १९२६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांनी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट केली. हाती एकही फोटो नसताना त्यांनी 'नेचर' या साप्ताहिकात कॅमेऱ्याची पूर्ण रचना छापून टाकली. यंत्र असं आहे, कल्पना अशी आहे, आणि मला अजून यश आलेलं नाही. आमच्या क्षेत्रात चालू न झालेला कोड आपण लपवून ठेवतो. त्यांनी तो सगळ्यांसमोर मांडला.

दोन वर्षांनी, १९२८ च्या उन्हाळ्यात, ते अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस यांच्याकडे गेले. लूमिस हे वॉल स्ट्रीटवरचे धनाढ्य बँकर, फिजिक्सचं वेड असलेले. न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमध्ये त्यांनी खाजगी प्रयोगशाळाच उभारली होती. बॉईज यांच्यासोबत कॅमेराही गेला. तिथे एका वादळात अखेर वीज समोर आली, चकती फिरत होती आणि फिल्मवर दोन चित्रं उमटली. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते.

एका फोटोवरून नियम सांगता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कॅमेऱ्याची नवी आवृत्ती काढली. त्यात लेन्स स्थिर आणि फिल्म फिरती, म्हणजे वेग आणखी वाढवता येईल.

पुढचं काम जोहान्सबर्गमध्ये

ती कल्पना उचलली दक्षिण आफ्रिकेतल्या बेसिल शॉनलंड यांनी. जोहान्सबर्गच्या पठारावर उन्हाळ्यात विजांची वादळं भरपूर. १९३३ पासून शॉनलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉईज कॅमेऱ्याने फोटो काढायला सुरुवात केली. जे इंग्लंडमध्ये २८ वर्षांत जमलं नव्हतं, ते तिथे काही मोसमांत पुन्हा पुन्हा मिळालं.

चित्र असं उभं राहिलं. आधी ढगातून एक अंधूक ठिणगी खाली निघते. ती सलग येत नाही. साधारण ५० मीटरची उडी, मग ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास थांबा, मग पुढची उडी. तिला स्टेप्ड लीडर असं नाव पडलं. जमिनीजवळ यायला तिला वीसेक मिलिसेकंद लागतात. ती जमिनीशी जोडली गेली की त्याच वाटेने डोळे दिपवणारा झोत खालून वर जातो, प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने. म्हणजे आपण जो लखलखाट वीज पडली म्हणून बघतो, तो खरं तर वर चढत असतो.

पुढच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. लीडर जमिनीच्या जवळ आला की खालच्या उंच वस्तूंमधून छोट्या ठिणग्या त्याच्या भेटीला वर निघतात. झाड, खांब, मोकळ्या रानात उभा माणूस, किंवा गच्चीवर ट्रायपॉड लावून उभी असलेली मुलगी. ज्याची ठिणगी आधी भेटते, तिथे वीज पडते. किलोमीटरभर वर असताना लीडरला खाली चिंच आहे की मी, याचा पत्ता नसतो. ते अगदी शेवटच्या काही उड्यांत ठरतं.

हे वाचलं तेव्हा मला गच्चीवरून हाताला धरून नेणारे काका आठवले.

बॉईज यांना १९३५ मध्ये सर ही पदवी मिळाली. बागेत रमणाऱ्या या माणसाने १९३७ मध्ये तणावर पुस्तक लिहिलं. ३० मार्च १९४४ रोजी, ८९ व्या वर्षी ते गेले. आपल्या कॅमेऱ्याने दुसऱ्यांनी लावलेला शोध त्यांना बघायला मिळाला.

आता तुम्ही वीज टिपणार असाल तर

पहिली गोष्ट, गच्ची नको. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. झाडाखाली तर मुळीच उभं राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने बनवलेलं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सूचना देतं. गावाकडे शेतात जाणाऱ्या घरच्यांच्या फोनमध्ये तर नक्की टाकून द्या.

फोटोसाठी घरातूनच, बंद खिडकीपासून जरा लांब ट्रायपॉड लावा. प्रो मोडमध्ये आयएसओ १००, फोकस इन्फिनिटीवर आणि शटर ४ ते १० सेकंद. एकापाठोपाठ फोटो चालू ठेवा. बॉईज यांच्यासारखंच, लेन्स उघडी ठेवायची आणि वीज येईपर्यंत वाट बघायची. स्लो-मोशनमध्ये लीडरच्या उड्या दिसणार नाहीत, पण एका विजेतले पाठोपाठचे झोत दिसू शकतात. त्यांच्यामधलं अंतर ४०-५० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे २४० फ्रेममध्ये दहा-बारा फ्रेम. हॉफर्ट यांनी कॅमेरा हलवून जे पकडलं, ते आता तुमच्या खिशातल्या फोनला जमतं.

काकांच्या फोनमध्ये मी दामिनी टाकून दिलंय. जूनमध्ये परत गेले तेव्हा पुन्हा आभाळ भरून आलं. या वेळी ट्रायपॉड माजघरात लावला. दीड तासात एक वीज मिळाली. तिच्यावर खिडकीच्या गजांच्या दोन काळ्या रेघा आल्यात. फोटो तसाच ठेवलाय.